व्हर्जिनियाहून ओरेगॉनपर्यंत सरकत गेलेली, आपसांत सोयरिकी केलेली दोन घराणी कशी शोधायची?

एका माणसामागे न जाता दोन्ही घराण्यांचा अख्खा गोतावळा एकत्र शोधा, आणि शेवटच्या मुक्कामापासून मागे या. ही कुटुंबं सहसा एकेकटी निघत नसत. मेहुणे, साडू, शेजारी सोबत असत, म्हणून एकाचा माग हरवला तर दुसऱ्याचा सापडतो. सुरुवात 1850 च्या अमेरिकी जनगणनेपासून करा. त्याआधीच्या गणनांत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव आहे. 1850 पासून घरातल्या प्रत्येक स्वतंत्र (म्हणजे गुलाम नसलेल्या) माणसाचं नाव, वय आणि जन्मराज्य मिळतं. थोरला केंटकीत, मधला इंडियानात, धाकटी मिसूरीत जन्मलेली दिसली की वाट आणि साधारण वर्षं दोन्ही हाती लागतात. मागेपुढे नोंदलेली घरंही वाचा, माहेरची माणसं बरेचदा तिथेच असतात. ओरेगॉनसाठी 1850 च्या जमीनदान कायद्याच्या (तिथे वसणाऱ्यांना सरकारी जमीन देणाऱ्या Donation Land Claim Act च्या) फायली तर सोनं आहेत: पत्नीच्या नावे स्वतंत्र जमीन मिळत असल्याने त्यांत लग्नाची तारीख आणि ठिकाण नोंदलेलं असतं.

एक मात्र सांभाळा. 1850 आणि 1860 च्या जनगणनांत कुटुंबप्रमुखाशी असलेलं नातं लिहिलेलंच नाही, ते 1880 पासून येतं. घरातली बाई मुलांची सख्खी आई असेलच असं नाही, आणि चुलत-आते भावंडांत तीच ती नावं फिरतात. म्हणून मृत्युपत्र किंवा जमिनीचा दस्त मिळाल्याशिवाय नातं पक्कं धरू नका.