जे जाणवत नाही, त्याबद्दल बोलताना

प्रिय विद्यार्थिनीस,
सप्रेम आशीर्वाद.

परिचारिका, फिजिओथेरपिस्ट आणि निवासी डॉक्टरांना ऑस्टिओपोरोसिसच्या, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याच्या आजाराच्या, रुग्णांशी कसं बोलावं हे शिकवायचं काम तुझ्याकडे आलं, हे वाचून फार बरं वाटलं. स्लाइड्स करायला बसण्याआधी हे पत्र वाच.

या आजारात मनगट, मणका किंवा खुबा मोडेपर्यंत रुग्णाला काहीच जाणवत नाही. मणक्याची तर निम्म्याहून अधिक फ्रॅक्चर्स कुणाच्या लक्षातही येत नाहीत. उंची कमी झाली, पाठीला बाक आला, तरी वय झालं म्हणून सोडून दिलं जातं. औषध सुरू केल्यावरही फरक जाणवत नाही. रक्तदाब किंवा साखर घरी मोजून पाहता येते, हाडांचं तसं नाही. रुग्ण गोळी घेतो तो केवळ आपल्या शब्दावर, आणि पुष्कळ जण ती वर्षाच्या आत सोडतात. त्यांना बेफिकीर म्हणणं मला पटत नाही. गोळी कशासाठी आहे हेच अनेकदा त्यांच्यापर्यंत पोहोचलेलं नसतं.

म्हणून पहिली सवय लाव ती विचारण्याची. "या आजाराबद्दल तुम्ही काय ऐकलंय?" एवढा प्रश्न विचारून गप्प बसायचं. कितीतरी जण याला संधिवात समजतात. गुडघे दुखायचे थांबले नाहीत, म्हणून हाडांची गोळी बंद करतात! ही गाठ सुटल्याशिवाय पुढचं सगळं बोलणं वाया जातं. पुरुष रुग्णाला तर हा बायकांचा आजार वाटतो. पन्नाशीनंतर साधारण पाचांतल्या एका पुरुषाला यामुळे फ्रॅक्चर होतं, हे त्याला सांगायलाच हवं.

मग आकडे. हाडांच्या घनतेच्या तपासणीतला टी-स्कोअर उणे २.५ किंवा त्याखाली गेला की ऑस्टिओपोरोसिस, ही जागतिक आरोग्य संघटनेची १९९४ची व्याख्या आपल्यासाठी आहे. रुग्णाला त्यातून काही उमगत नाही. त्याला हवं असतं, "माझं हाड मोडण्याची शक्यता किती?" फ्रॅक्ससारख्या साधनातून पुढच्या दहा वर्षांचा अंदाज मिळतो, तो शंभर माणसांच्या हिशेबात सांगायला शिकव. औषधाचा फायदाही तसाच सांगावा. अ‍ॅलेन्ड्रोनेट या गोळीने मणक्याची फ्रॅक्चर्स जवळपास निम्मी होतात, हे खरं आहे. पण ज्यांचा मणका आधीच मोडला होता अशा स्त्रियांच्या १९९६च्या चाचणीत, तीन वर्षांत एक्स-रेवर दिसणारं नवं फ्रॅक्चर गोळी न घेणाऱ्या शंभरांपैकी सुमारे १५ जणींना झालं आणि गोळी घेणाऱ्यांपैकी ८ जणींना. असं सांगितलं की रुग्ण स्वतः विचार करू शकतो. गोळीने जबड्याचं हाड खराब होईल अशी भीती वाटणाऱ्यालाही याच मापाने उत्तर द्यावं. या गोळ्यांच्या नेहमीच्या मात्रेत तो त्रास वर्षाला साधारण दहा हजारांत एकाला किंवा त्याहूनही कमी जणांना होतो. भीती उडवून लावू नये, तिच्यासमोर खरा आकडा ठेवावा.

"तुमच्या हाडांची चाळण झालीय, जपा" हे वाक्य मात्र तुझ्या विभागातून कायमचं जाऊ दे. ते ऐकून माणसं चालायचं सोडतात, स्नायू दुबळे होतात, तोल जातो आणि ज्या पडण्याची धास्ती होती तेच घडतं. काय टाळायचं ते जरूर सांगावं, पण आधी काय करता येईल ते सांगावं. फिजिओथेरपिस्टना या जागी मोकळेपणाने बोलू दे. हे त्यांना आपल्यापेक्षा चांगलं जमतं.

हे व्याख्यानातून येत नाही. तिघातिघांचे गट कर: एक रुग्ण, एक बोलणारा, एक फक्त पाहणारा. रुग्ण झालेल्याच्या हातात चिठ्ठी दे, "शेजारणीला गोळीने जळजळ झाली, मला नको." शेवटी बोलणाऱ्याने विचारावं, "मी नीट सांगितलं का ते मला कळायला हवं. आठवड्याची गोळी कशी घ्याल, ते सांगता?" सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर, मग किमान अर्धा तास आडवं व्हायचं नाही आणि काही खायचं नाही. यातलं काही सुटलं तर पुन्हा, वेगळ्या शब्दांत. "समजलं ना?" या प्रश्नाला सगळेच हो म्हणतात, तो विचारण्यात अर्थ नाही.

डेनोसुमॅबसाठी वेगळा सराव ठेव, ही माझी आग्रहाची विनंती. दर सहा महिन्यांचं हे इंजेक्शन परस्पर बंद केलं तर हाडांची घनता झपाट्याने उतरते, आणि एकापाठोपाठ अनेक मणके मोडू शकतात. हे पहिल्या इंजेक्शनच्या आधीच सांगायला हवं, आणि पुढची तारीख त्याच दिवशी रुग्णाच्या हातात लिहून द्यायला हवी. या सत्राला फार्मासिस्ट आणि दंतवैद्यांनाही बोलाव. दात काढायचाय म्हणून इंजेक्शन पुढे ढकला, असा सल्ला रुग्णाला परस्पर मिळतो, तेव्हा आपण त्या खोलीत नसतो.