क्षमावाणीचा मेसेज नुसता फॉरवर्ड करू नकोस
अगं पहिल्यांदाच दशलक्षणाचे, आपल्या जैनांच्या पर्वाचे, दहाही दिवस करतेयस, खूप बरं वाटलं, पण अनंत चतुर्दशी झाली की क्षमावाणीला, म्हणजे एकमेकांची माफी मागायच्या दिवशी, सगळ्या ग्रुपवर "उत्तम क्षमा" टाकून मोकळी होऊ नकोस. जिला खरंच दुखावलंय तिच्या दारात जा. मी धाकट्या जावेला पाटल्यांवरून सगळ्यांदेखत चोर म्हटलं होतं, पाटल्या नंतर गोधडीच्या घडीत सापडल्या तरी चार वर्षं गप्पच होते, शेवटी गेले तर दारात चप्पल काढतानाच रडू फुटलं. "कळत नकळत" म्हणू नकोस, काय केलं ते स्पष्ट सांग, आणि ज्यांच्यासमोर बोललीस त्यांच्यासमोरच शब्द मागे घे, हे सगळ्यात अवघड जातं. तिने लगेच माफ नाही केलं तर घाई करू नकोस, माझी जाऊ थेट दिवाळीला बोलली.