सेलेच्या काठाने : फ्रान्समधल्या निवांत सायकलवाटा, तुमचे प्रश्न

फ्रान्समध्ये सायकल चालवायची इच्छा असलेल्या वाचकांच्या पत्रांत यावेळी एक गोष्ट सारखी दिसली. बहुतेकांना टूर द फ्रान्स शर्यतीतले प्रसिद्ध घाट नको आहेत. त्यांना नदी हवी, सावली हवी, आणि मागून येणाऱ्या ट्रकची धास्ती नको. म्हणून आजची सगळी उत्तरे नैर्ऋत्य फ्रान्सच्या लॉत जिल्ह्यातली आहेत. लॉत नदी आणि तिला मिळणारी धाकटी सेले, या दोन खोऱ्यांइतका सायकलला मानवणारा मुलूख माझ्या पाहण्यात दुसरा नाही.

प्रश्न : सगळे लुआर नदीकाठच्या सायकलमार्गाचे नाव सुचवतात. पण तिथे उन्हाळ्यात गर्दी असते असे ऐकले. खरोखर शांत असा डांबरी रस्ता कुठे मिळेल? (पुणे)

लुआरचा मार्ग उत्तमच आहे. नऊशे किलोमीटर, जागोजागी पाट्या, पहिल्यांदा जाणाऱ्याला सोपा. पण तुम्हाला शांतता हवी असेल तर फिजाक या गावात उतरा आणि डी 41 हा रस्ता धरा. सेले नदीच्या कडेकडेने तो काँद्युशेपर्यंत जातो, तिथे सेले लॉतला मिळते. अंतर पन्नास किलोमीटरच्या आत-बाहेर.

हा रस्ता शांत का, हे समजून घेतले की असे रस्ते तुम्हाला फ्रान्समध्ये कुठेही शोधता येतील. फिजाकहून काओर या जिल्ह्याच्या मुख्य शहराला जाणाऱ्या माणसाला घाई असते, आणि घाईचा रस्ता खोऱ्यातून जातच नाही. तो वरच्या चुनखडीच्या पठारावरून, लिव्हेर्नोंमार्गे सरळ जातो. या पठाराला तिथे ‘कॉस’ म्हणतात. खालचा डी 41 नदीच्या प्रत्येक वळणाबरोबर वळतो, त्यामुळे त्या गावांत ज्याला काम आहे तोच त्यावर गाडी घालतो. तेव्हा कोणतीही दरी निवडताना आधी पाहा की मोठ्या रहदारीला दुसरी वाट आहे का. ती असेल तर दरीतला रस्ता सायकलवाल्यांसाठी मोकळा राहतो.

मिशलँ कंपनीच्या रस्त्यांच्या कागदी नकाशावर हे चटकन कळते. लाल रस्ते टाळायचे, पिवळे चालतील, पांढरे सगळ्यांत चांगले. रस्त्याला हिरवी कड असेल तर तो निसर्गरम्य म्हणून निवडलेला आहे असे समजा. पिवळ्याला हिरवी कड आणि शेजारून जाणारा एखादा लाल रस्ता दिसला, की तिथे बोट ठेवावे.

आता वाट. फिजाकच्या पुढे दरी हळूहळू अरुंद होत जाते. कॉर्नच्या पुढे कडे जवळ येतात. एस्पान्याकला जरा थांबा. तिथल्या जुन्या मठाच्या चर्चचा चौकोनी घंटामनोरा बघण्यासारखा आहे, लाकडी चौकट आणि तिच्यात भरलेल्या विटा, वर दगडी चिपांचे टोकदार छप्पर. मग ब्रांग, मग मार्सियाक. मार्सियाकच्या मठाचा पुढचा भाग इंग्लंड-फ्रान्समधल्या शतवार्षिक युद्धाच्या काळात पडला तो तसाच उघडा राहिला. बिनछपराच्या भिंतींमधून आत गेलात की मागे धड राहिलेले चर्च लागते. गाव नदीला अगदी लागून आहे, दुपारची विश्रांती इथेच घ्यावी असे मी नेहमी सांगतो. त्यानंतर काब्रेरेच्या आसपास रस्ता कड्याच्या पोटातून जातो. डोक्यावर पुढे आलेला खडक, एका हाताला दगड, दुसऱ्या हाताला खाली हिरवट पाणी. उंचावर कड्याच्या कपारी दगडी भिंतीने बंद केलेल्या दिसतील. त्यांना ‘इंग्रजांचे किल्ले’ म्हणतात, त्याच युद्धातल्या लपण्याच्या आणि पहाऱ्याच्या जागा त्या. गाडीच्या खिडकीतून त्या दिसत नाहीत, मान वर करून सावकाश जाणाऱ्याला दिसतात.

प्रश्न : वय 58. सिंहगड सायकलने चढायचे दिवस गेले. या भागात चढ किती? (पुणे)

खोऱ्यात राहाल तोवर चढ नावापुरता. फिजाकहून काँद्युशेकडे जाताना तुम्ही नदीच्या वाहत्या दिशेने जाता, म्हणजे एकूण उतारच. दमछाक होते ती खोरे सोडताना. कॉसवर जायचे म्हटले की कुठूनही दीडशे-दोनशे मीटर उंची चढावी लागते, तीही थोड्या अंतरात.

एक चढ मात्र टाळू नका. सें-सिर्क-लापोपी हे गाव लॉतच्या पात्रापासून सुमारे शंभर मीटर उंच कड्यावर वसले आहे. नदीकाठच्या तूर-द-फोरहून पूल ओलांडला की चढ सुरू. हलक्या गिअरमध्ये बसून सावकाश निघा, वाटेत उतरून ढकललीत तरी हरकत नाही. 2012 साली फ्रेंच प्रेक्षकांनी टीव्हीवरच्या स्पर्धेत या गावाला सर्वांत आवडते गाव म्हणून निवडले, तेव्हापासून जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी तिथे पाय ठेवायला जागा नसते. सकाळी नऊच्या आत पोहोचा. तेव्हा गल्ल्या रिकाम्या असतात आणि नदीचे वळण वरून स्वच्छ दिसते.

नकाशावर चढाच्या रस्त्यांवर बाणाची खूण असते. एक बाण म्हणजे 5 ते 9 टक्के, दोन म्हणजे 9 ते 13, तीन म्हणजे त्याहून जास्त. तुम्ही एका बाणापर्यंतच राहा.

प्रश्न : कड्यात कोरलेल्या पायवाटेवर सायकल चालवता येते का? (टूलूझ)

बुझियेसजवळची, गानिलची वाट म्हणत आहात. पूर्वी लॉतवरून मालाची होडकी ओढून नेत. इथे कडा थेट पाण्यात उतरतो, ओढणाऱ्यांना पाऊल ठेवायला जागाच नव्हती. म्हणून 1840च्या दशकात खडक पोखरून ही वाट काढली. वर निम्मे छत खडकाचे, बाजूला कठडा नाही, जमीन ओबडधोबड. समोरून मुलाबाळांसह चालणारे लोक येतात. सायकल बुझियेसला कुलूप लावून ठेवा आणि चालत जा. एका ठिकाणी शिल्पकार दानियेल मोनिए यांनी खडकाच्या भिंतीतच लांबलचक उठावशिल्प कोरले आहे. शिंपले, मासे, पाण्याच्या लाटा. चुनखडीचा दगड मुळात समुद्रतळाशी साचून झालेला, हे लक्षात ठेवून त्यावरून हात फिरवा.

प्रश्न : तीन दिवस आहेत, टूलूझहून निघणार. मार्ग कसा आखू? रेल्वेत सायकल घेतात का? (टूलूझ)

टूलूझहून फिजाकला थेट प्रादेशिक गाडी आहे आणि काओरहून टूलूझला परतायला भरपूर गाड्या आहेत. त्यामुळे गोल फेरी मारायची गरजच नाही. फिजाकला उतरा, काओरला चढा. फिजाक ते काओर थेट प्रवासी रेल्वे मात्र नाही, खोऱ्यात दिसणारे रूळ जुन्या बंद मार्गाचे आहेत. पॅरिसहून येणाऱ्यांसाठी ऑस्टरलिट्झ स्थानकावरून काओरची थेट गाडी आहे. तिच्यात सायकलच्या जागा मोजक्या असतात, तिकिटाबरोबरच आरक्षण करा. चाके काढून पिशवीत भरलेली सायकल सामान म्हणून जाते.

पहिल्या दिवशी फिजाक ते मार्सियाक किंवा काब्रेरे. निघण्याआधी फिजाकमध्ये तासभर काढा. इजिप्तची चित्रलिपी उलगडणारा शांपोलियाँ इथे 1790 साली जन्मला, आणि त्याच्या घरामागच्या चौकात, ज्याच्या आधारे ती लिपी उलगडली त्या रोझेटा शिलालेखाची प्रचंड प्रतिकृती जमिनीवर पसरली आहे. तिच्यावरून चालता येते.

दुसरा दिवस पेश मेर्ल गुहेसाठी आणि सें-सिर्कसाठी. ही गुहा काब्रेरेच्या वर आहे. आतले ठिपक्यांचे दोन घोडे आणि त्यांच्याभोवती उमटवलेले हातांचे ठसे सुमारे 29 हजार वर्षांपूर्वीचे. लास्को या प्रसिद्ध चित्रगुहेची आज पर्यटकांना प्रतिकृती दाखवतात, इथे अजून मूळ चित्रे बघायला मिळतात. म्हणूनच दिवसाला 700च लोकांना आत सोडतात. आरक्षणाशिवाय चढ चढून वर गेलात आणि परत यावे लागले तर फार वाईट वाटेल. आत बारा-तेरा अंश तापमान असते. घामेजलेल्या अंगाने जाऊ नका, जाकीट बरोबर ठेवा.

तिसऱ्या दिवशी लॉतच्या काठाने काओर. व्हेर गावापर्यंत छान, त्यानंतर मघाचा तो पठारावरचा रस्ता खाली उतरून खोऱ्यातल्या रस्त्याला मिळतो आणि शेवटचे पंधराएक किलोमीटर रहदारी जाणवते. हा टप्पा शक्यतो रविवारी करा. फ्रान्समध्ये साडेसात टनांवरच्या ट्रकना शनिवारी रात्री दहापासून रविवारी रात्री दहापर्यंत बंदी असते, फरक लगेच कळतो. फक्त खायचे आधी घेऊन ठेवा, रविवारी दुपारनंतर खेड्यातले दुकान उघडे सापडणे कठीण.

चौथा दिवस मिळाला तर फिजाकहून उलट बाजूने, फेसेलचा चढ ओलांडून थोरल्या लॉतवर उतरा आणि काजार्कपासून डाव्या काठाने काल्विन्याक, सेनव्हिएर करत सें-सिर्क गाठा. नदीच्या ज्या काठाला मुख्य रस्ता नाही, तो काठ आपला.

प्रश्न : आम्ही दोघेही शाकाहारी. खेड्यात उपाशी राहू का? (नाशिक)

उपाशी राहणार नाही, पण तयारी ठेवा. हा बदकाचा मुलूख आहे. ‘केर्सीचे सॅलड’ (केर्सी हे या भागाचे जुने नाव) म्हणून जे येते त्यात बदकाचे मांस असते. बकरीच्या गरम चीजचे सॅलड मागवा आणि त्यात डुकराच्या मांसाचे तुकडे नकोत हे आधीच स्पष्ट सांगा, ते न विचारता घालतात. ऑम्लेट चालत असेल तर सोय सगळीकडे होते. खरी मजा बाजारात आहे : रोकामादूरचे छोट्या चकतीएवढे बकरीचे चीज, केर्सीचे खरबूज, अक्रोड, अक्रोडाचा केक, ताजा पाव. काजार्कच्या आसपास केशरही पिकते. मुक्काम ‘जीत देताप’मध्ये करा. सेलेच्या काठाने सांतियागोच्या यात्रेकरूंची एक पायवाट जाते, त्यामुळे अशी विश्रामगृहे गावोगाव आहेत आणि बऱ्याच ठिकाणी स्वयंपाकघर वापरता येते. बरोबर नेलेली डाळ-तांदळाची पुडी तिथे सार्थकी लागते.

उपाहारगृहात जेवण बारा ते दोन. सव्वादोनला गेलात तर नम्रपणे नकार मिळेल.

प्रश्न : उजवीकडून चालवायची सवय नाही. आणखी काय नियम? (मुंबई)

धोका गर्दीत नसतो, रिकाम्या रस्त्यावर असतो. फोटो काढायला थांबता, परत सायकलवर बसता, समोर कोणीच नसते आणि हात आपोआप डावीकडे वळतो. नेहमी उजव्या कडेलाच थांबा, म्हणजे निघतानाही तिथूनच निघाल. खेड्यात पाटी नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचे असते, मग तो गल्लीतून येणारा ट्रॅक्टर का असेना.

इअरफोन लावून सायकल चालवणे बेकायदा आहे, दंड 135 युरो. गावाबाहेर रात्री किंवा धुक्यात चमकते जाकीट सक्तीचे. हेल्मेटची सक्ती फक्त 12 वर्षांखालील मुलांना आहे, पण तुम्ही घालाच. गावाबाहेर ओलांडताना मोटारीने दीड मीटर अंतर ठेवायचे असते आणि बहुतेक जण ते पाळतात.

प्रश्न : रोड बाईक चालेल का, टायर किती जाड? (पुणे)

चालेल. 28 मिलिमीटर पुरेसे, सामान असेल तर 32 घ्या. ‘ग्राव्हियाँ’ अशी पाटी दिसली तर वेग कमी करा. उन्हाळ्यात रस्त्यांवर डांबर फवारून वर बारीक खडी पसरतात आणि ती दाबायचे काम येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांवर सोडतात. अशा वळणावर ब्रेक दाबायचा नाही, वळणाच्या आधीच दाबायचा. पाण्याची बाटली गावच्या दफनभूमीच्या नळावर भरता येते, फक्त तिथे ‘नों पोताब्ल’, म्हणजे ‘पिण्यायोग्य नाही’, असे लिहिलेले नाही ना ते पाहा. जायला मे-जून किंवा सप्टेंबर निवडा.