कांगेर खोऱ्यात गावं का दिसत नाहीत?

कुटुमसरची गुहा पाहून आल्यावर तुम्ही विचारलंय, की छत्तीसगडच्या बस्तरमधल्या कांगेर खोऱ्यात एवढं गर्द जंगल आहे, तर तिथं पूर्वी कुणी राहतच नव्हतं का? राहत होते, आणि आजही राहतात. ‘माणसाचा हात न लागलेलं जंगल’ हे पर्यटनाच्या माहितीपत्रकातलं वाक्य फार मनावर घेऊ नका.

जगदलपूरच्या दक्षिणेचा हा भाग चुनखडकाचा. पावसाचं पाणी भेगांतून मुरतं, खडक विरघळवत खाली वाटा काढतं. कुटुमसर, कैलास, दंडक या गुहा अशाच घडल्या. असल्या मुलखात वस्ती हवी तिथं होत नाही. ओढ्याचा काठ आणि बऱ्यापैकी मातीचा थर दोन्ही जुळले, तरच गाव टिकतं. इथले जुने रहिवासी धुरवा आदिवासी. बोली परजी, बांबूकामात हात बसलेला. लग्नातही अग्नीऐवजी पाण्याची साक्ष!

जंगल रिकामं वाटण्यामागे मात्र सरकारी कागदाचा हात मोठा आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बस्तर संस्थानात दोनतृतीयांश जंगल राखीव करायचं घाटलं, फिरत्या शेतीवर आणि शिकारीवर बंधनं आली. त्यातून 1910 चा भूमकाल, म्हणजे आदिवासींचा उठाव, पेटला. आंब्याच्या फांदीला लाल मिरच्या बांधून ती गावोगाव फिरवली गेली, हाच उठावाचा सांगावा. पुढारी गुंडाधूर धुरवाच, याच खोऱ्याच्या कडेच्या नेतानारचा. तो इंग्रजांच्या हाती कधीच लागला नाही. बंड मोडलं, पण राखीव करायचं क्षेत्र जवळपास निम्म्यावर आणावं लागलं. कांगेर खोऱ्याचं राष्ट्रीय उद्यान आलं ते थेट 1982 मध्ये, सुमारे 200 चौरस किलोमीटरचं.

जाता जाता एक गंमत. कुटुमसरच्या अंधारात जे फिकट, डोळे खुरटलेले मासे आहेत, त्यांना इंडोरिओनेक्टिस इव्हेझार्डी या जातीत धरतात, आणि या जातीचं पहिलं शास्त्रीय वर्णन झालं ते पुण्याकडच्या माशांवरून.

पुन्हा जाणार असाल तर पावसाळा टाळा. गुहेत पाणी भरतं, म्हणून ती बंद असते. साधारण नोव्हेंबरात उघडते. आणि या खेपेला गुहा-धबधबा उरकून परत फिरू नका, एक दिवस धुडमारासला काढा. कांगेर नदीच्या काठचं हे धुरवा गाव उद्यानाच्या हद्दीतच आहे.