मुलीला बेटावरच्या रुग्णालयात जाऊ द्यावं का?

प्रश्न : माझी मुलगी नुकतीच एमबीबीएस झाली. बोटीने सात तासांवर असलेल्या एका बेटावर, दहा खाटांच्या रुग्णालयात तिला वर्षभर काम करायचं आहे. तिथे सर्जन नाही, रक्तपेढी नाही. तिच्या हातून काही कमी-जास्त झालं तर? तिथे उपचार तरी काय होत असतील? – एक आई

उत्तर : ताई, मी अशाच एका बेटावर तीन वर्षं काढली आहेत, त्यामुळे तुमची काळजी मला पुरती कळते.

ताप, जुलाब, जखमा, दमा, साधी बाळंतपणं हे सगळं तिथे नीट होतं. हार्ट अटॅकवरही सुरुवातीचे उपचार होतात. ईसीजीचा फोटो हृदयरोगतज्ज्ञांना पाठवायचा आणि त्यांनी हो म्हटलं की गुठळी विरघळवणारं इंजेक्शन द्यायचं. ते जितकं लवकर द्यावं तितकं हृदय वाचतं, १२ तास उलटले की सहसा उपयोग नसतो. म्हणून आधी इंजेक्शन, मग बोट.

रक्तपेढी नसली तरी दात्यांची यादी असते. आमची ड्युटी रूमच्या दाराला आतून चिकटवलेली होती : नाव, गट, घर कुठे, शेवटचं रक्त कधी दिलं. एका रात्री बाळंतपणानंतर रक्तस्राव थांबेना. गर्भाशय आकसवणारं ऑक्सिटोसिन दिलं, रक्ताची गुठळी टिकवणारं ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड दिलं (ते पहिल्या तीन तासांतच द्यावं लागतं), सिस्टर पोटावरून गर्भाशय चोळत होत्या. यादीतला एक बोटींची इंजिनं दुरुस्त करणारा मुलगा पहाटे अडीचला धावत आला, नखांत ग्रीस तसंच. एचआयव्ही, हिपॅटायटिस, सिफिलिस, मलेरियाच्या तपासण्या पट्ट्यांवर केल्या, त्याचं रक्त तिच्या रक्ताशी जुळतं का ते पाहिलं (क्रॉसमॅच) आणि रक्त काढलं. पिशवी हातात घेतली तर कोमट लागली. तोवर मी फक्त फ्रीजमधून आलेल्या गार पिशव्याच हाताळल्या होत्या. बाई वाचली.

पण खरा कस लागतो तो पेशंट कधी हलवायचा हे ठरवताना. शहरात पोटदुखीचा पेशंट ‘सकाळपर्यंत बघू’ म्हणून ठेवता येतो. बेटावर वारा कधी वाढणार, बोट कधी सुटणार हे आधी विचारावं लागतं. पहिल्याच वर्षी अपेंडिक्सची शंका असलेल्या एका मुलाला मी सकाळपर्यंत ठेवलं. रात्रीत समुद्र खवळला, दोन दिवस बोट निघाली नाही आणि अपेंडिक्स फुटलं. सलाईन आणि अँटिबायोटिक्सवर तो तगला, पण पुढे त्याला फार सोसावं लागलं. ती चूक माझी होती. त्यानंतर शंका आली की मी दुपारीच फोन करायचे.

दक्षिण अटलांटिकमधल्या ट्रिस्टन द कुन्हा बेटावर तर धावपट्टीच नाही, केप टाऊनहून बोटीला साधारण आठवडा लागतो. तिथल्या डॉक्टरांना केवढा आधी विचार करावा लागत असेल! तुमच्या मुलीचे सात तास त्या मानाने बरे.

वाटेतला हिशेबही तिलाच करावा लागेल. दीड हजार लिटरचं ऑक्सिजन सिलिंडर मिनिटाला दहा लिटरने लावलं तर अडीच तासांत संपतं. सात तासांना तीन लागतात, वर एक जास्तीचं घ्यायचं. आणि हेलिकॉप्टर मिळालं, तर फुप्फुसाभोवती हवा साठलेल्या पेशंटच्या छातीत आधी नळी घालायची. उंचावर ती हवा फुगते आणि फुप्फुस आणखी दाबलं जातं.

जाऊ द्या तिला, ताई. मात्र होकार कळवण्याआधी तिला तीन गोष्टी विचारायला सांगा. रात्री सल्ल्यासाठी फोन कोण उचलतं? वीज गेली तर औषधांच्या फ्रीजला जनरेटर आहे का? (ऑक्सिटोसिन २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं.) अनुभवी सिस्टर किती आहेत? तिसऱ्याचं उत्तर ‘एकही नाही’ असेल, तर यंदा थांबू दे. आणि निघण्याआधी महिनाभर तिने लेबर रूममध्ये आणि महिनाभर भूलतज्ज्ञांच्या हाताखाली काढावा. श्वासनलिकेत नळी घालायला पुस्तक वाचून येत नाही.