‘नुसतं खेळतोय, शिकत काहीच नाही’

“मॅडम, शेजारचा मुलगा एबीसीडी लिहून दाखवतो आणि आमचा अंगणवाडीतून खिसाभर चिंचोके घेऊन येतो. मागे पडेल का हो?” साडेचार वर्षांच्या मुलाची आई विचारत होती. या काळजीने माझ्याकडे बरेच पालक येतात. या ताई रोज संध्याकाळी मुलाला पाटीवर गिरवायला बसवायच्या आणि रोज रडारड व्हायची.

“चिंचोक्यांचं करतो काय तो?”

“आजीशी चल्लस-आठ खेळतो.”

पुढच्या भेटीला मी आजींनाही बोलावलं. त्यांनी फरशीवर खडूने पंचवीस घरांचा पट आखला. फासे म्हणजे फोडलेल्या चिंचोक्यांच्या चार डाळी, एक बाजू पांढरी, दुसरी काळी. नातवाने टाकल्या, तीन पांढऱ्या पडल्या. एकेक न मोजता तो “तीन!” म्हणाला, सोंगटी सरकवली आणि आजींच्या सोंगटीकडे बघून म्हणाला, “आता दोन पडले की तुझी मेली.” आई बघतच राहिली.

ही बेरीज-वजाबाकीची सुरुवातच आहे. शिवाय पाळीची वाट बघणं आलं, हरणं पचवणं आलं. चिंचोका चिमटीत उचलताना पेन्सिल धरणारी बोटंही तयार होतात. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत ग्रामीण बालशिक्षणाचं काम सुरू केलं, तेव्हा महागड्या साधनांऐवजी शिंपले, बिया, पानं अशा आसपासच्या वस्तूच मुलांच्या हाती दिल्या. म्हणून अंगणवाडीतल्या चिंचोक्यांना कुणी कमी लेखलं की मला फार वाईट वाटतं.

ताईंना म्हटलं, गिरवणं सध्या बंद. कणकेचे गोळे करू दे, शेंगा सोलू दे, परातीत रवा पसरून बोटाने रेघा ओढू दे; पूर्वीची धूळपाटी तीच. इंग्रजी कानावर पडत राहू दे, लिहायची घाई नको. मात्र धाकटी दीड वर्षाची आहे, तिच्या हाती बिया लागू देऊ नका, नाका-घशात अडकतात. आणि गुंजा तर घरात नकोतच, त्या विषारी असतात.

महिन्याभराने कळलं, पट आता तोच आखतो. रेघा वाकड्या, पण घरं बरोबर पंचवीस.

या वयात लिहिता येत नाही म्हणून घाबरू नका. हाक मारल्यावर मूल बघत नसेल, बोलणं घराबाहेरच्यांना समजत नसेल, इतर मुलांत मिसळतच नसेल, तर मात्र थांबू नका, बालरोगतज्ज्ञांना दाखवा.