अपेंडिक्सला सूज आली आहे. ऑपरेशन न करता फक्त अँटिबायोटिक्सने बरं होता येतं का?

हो, बऱ्याच जणांना येतं. पण अपेंडिक्स फुटलेलं नाही, भोवती पू नाही आणि आत खडा अडकलेला नाही हे सीटी स्कॅनमध्ये नीट दिसलं असेल तरच. फिनलंडमधल्या ‘अपॅक’ चाचणीत अशा प्रौढ रुग्णांना तीन दिवस सलाईनमधून आणि पुढे सात दिवस गोळ्यांनी अँटिबायोटिक्स दिली. वर्षभरात सुमारे २७ टक्के लोकांना ऑपरेशन करावंच लागलं, पाच वर्षांत हा आकडा ३९ टक्क्यांपर्यंत गेला. उरलेल्यांचं ऑपरेशन मात्र खरंच टळलं. खडा असेल तर गणित बदलतं: अमेरिकेतल्या ‘कोडा’ चाचणीत (२०२०) अशा ४१ टक्के रुग्णांवर ९० दिवसांच्या आतच शस्त्रक्रिया झाली. दुर्बिणीने ऑपरेशन केलं तर सहसा तीन छोटी छिद्रं पडतात, एक-दोन दिवसांत घरी जाता येतं आणि दुखणं परत येण्याची टांगती तलवार राहत नाही. म्हणून दूरच्या प्रवासाला किंवा हॉस्पिटल जवळ नसलेल्या गावी जाणार असाल, तर मी ऑपरेशनच सुचवेन.

एक मात्र लक्षात ठेवा: अँटिबायोटिक्स म्हणजे मेडिकलमधून आणलेल्या गोळ्या घेऊन घरी थांबणं नव्हे, सर्जनची देखरेख हवीच. पोट साफ व्हावं म्हणून एरंडेल तर अजिबात घेऊ नका. आणि बेंबीपाशी सुरू होऊन उजवीकडे खाली सरकलेली कळ अचानक थांबली, तरी लगेच दाखवा, कारण अपेंडिक्स फुटल्यावरही थोडा वेळ बरं वाटू शकतं.